अकरावीची नात, ऑनलाईन वर्ग आणि आजीचा रक्तदाब

दहावीचा निकाल लागला की घरातील मुलांच्या वेळापत्रकाची चर्चा सुरू होते. त्या वेळापत्रकाबरोबर घरातील वृद्धांचेही वेळापत्रक बदलते, त्याची चर्चा मात्र कोणी करीत नाही. एखाद्या ज्येष्ठ रुग्णाचा वर्षानुवर्षे ताब्यात असलेला रक्तदाब किंवा साखर अकस्मात बिघडली, की अलीकडे मी औषधांच्या चौकशीबरोबर आणखी एक प्रश्न न चुकता विचारतो : यंदा घरात अकरावी-बारावीचे कोणी आहे का? उत्तर पुष्कळदा होकारार्थी येते.

माजिवड्याच्या गावठाणातील एका ख्रिस्ती आजींनी हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने मांडली. त्यांची मुलगी आणि जावई कुवेतला असतात. मुलगी तेथे परिचारिका आहे. सोळा वर्षांची नात येथे आजीजवळ राहते, अकरावी विज्ञान शाखेत आहे आणि शिकवणीचे सर्व वर्ग ऑनलाईन करते. तिलाही आईसारखेच परिचारिका व्हावयाचे आहे. आजी म्हणाल्या, "डॉक्टर, मला त्या लॅपटॉपमधले काही कळत नाही. ती दार लावून आत बसते, मी बाहेर बसते. संध्याकाळची जपमाळ आता एकटीच म्हणते. तिच्या अभ्यासात माझा काय उपयोग?" हा प्रश्न त्यांच्या एकटीचा नाही. वसई, ठाणे, कल्याण-डोंबिवली या पट्ट्यात ज्या ज्या ख्रिस्ती घरांतील मधली पिढी आखातात वा परदेशी आहे, त्या घरांतील आजी-आजोबांचा तो प्रश्न आहे. आणि इतर धर्मीयांच्या घरांतही तो फारसा वेगळा नाही.

माझे उत्तर थोडक्यात असे आहे. ऑनलाईन वर्गाकडून मुलांना शिक्षक मिळतो, टिपणे मिळतात, सराव परीक्षाही मिळतात. दिवसाला क्रम मात्र मिळत नाही. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाचा दिवस आपोआप आखला जातो : घंटा होते, रस्त्यावर ऊन लागते, डबा उघडावा लागतो, मैत्रिणीशी भांडण होते, घरी येताना पाय दुखतात. पडद्यापुढे बसलेल्या मुलाच्या दिवसातून हे सगळे गळून पडते. तो क्रम राखण्याचे काम घरातील मोठ्या माणसालाच करावे लागते आणि त्यासाठी लॅपटॉप कळण्याची मुळीच आवश्यकता नाही.

ऑनलाईन शिक्षणाविरुद्ध माझी तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकतो. मुंबई-आग्रा महामार्ग आणि घोडबंदर रस्ता जेथे मिळतात त्या माजिवड्याच्या नाक्यावर, उड्डाणपुलाखाली आणि मेट्रोच्या खांबांच्या रांगेत, संध्याकाळी सात वाजता ज्याने रिक्षात बसून पाहिले आहे त्याला नौपाड्यातील शिकवणी आणि घर यांतील अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही हे ठाऊक आहे. तो वेळ वाचला तर वाचू द्यावा. प्रश्न त्या वाचलेल्या वेळाचे काय होते हा आहे.

येथील ख्रिस्ती समाजाला शिक्षण आणि नोकरी यांची चिंता काही नवी नाही. मुंबई, साष्टी, वसई येथील मूळ ख्रिस्ती रहिवाशांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले, त्यामागे नोकरीचाच प्रश्न होता. गोवा आणि मंगळूर येथून कामासाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांहून आपण निराळे, ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत आपण आधीपासून आहोत, हे सरकारला कळावे म्हणून ते नाव. पुढच्या पिढ्यांना कारखान्यांनी आधार दिला. ठाण्यात १९२५ पासून रेमंडची लोकर गिरणी होती, १९६२ पासून वागळे इस्टेट होती. दहावी-अकरावीनंतर कामाला लागलेला मुलगा घरून डबा घेऊन पायी कारखान्यात जाई आणि साठाव्या वर्षी निवृत्त होई. रेमंडची ठाण्यातील गिरणी २००९ च्या अखेरीस बंद झाली. आज त्या जमिनीवर उंच इमारती आहेत. त्या कारखान्यांत आयुष्य काढलेले आजोबा जेव्हा नातवाला "आमच्या वेळी असले काही नव्हते" असे म्हणतात, तेव्हा ते खरे बोलत असतात. मात्र त्यांच्या वेळी जे होते तेही आता नाही, हे नातवाला ठाऊक असते. म्हणून ते वाक्य घरात शक्यतो उच्चारू नये, असे मी सुचवीन.

आता प्रथम आजींविषयी, कारण हे सदर प्रामुख्याने ज्येष्ठांसाठी आहे. नातीचा वर्ग संध्याकाळी सात ते साडेनऊ. तिच्याबरोबर जेवावे म्हणून आजी थांबतात. मधुमेहाची सायंकाळची गोळी मात्र सवयीने आठच्या सुमारास घेतात. ग्लिमेपिराइडसारखी काही औषधे स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतात. गोळी पोटात गेली आणि जेवण दोन तास लांबले तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम सुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडते, बोलण्यात गोंधळ होतो. त्याच वेळी नात कानांत इयरफोन घालून, दार लावून रसायनशास्त्र ऐकत असते. या आजींच्या बाबतीत दोनदा असे घडले आणि दोन्ही वेळा त्यांनी "जरा गरगरले" म्हणून सोडून दिले. वृद्धापकाळात साखर उतरणे हे चढण्यापेक्षा तातडीचे संकट असते. शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी, आणि बरे वाटताच जेवण द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे. हे नातीलाही शिकवून ठेवावे. जिला परिचारिका व्हावयाचे आहे तिचा हा पहिला धडा समजावा. आजींनी मात्र आपले जेवण आपल्या वेळेवरच घ्यावे. नातीसोबत बसायचेच असेल तर साडेनऊला तिच्या ताटाशेजारी नुसते बसावे.

दुसरी गोष्ट झोपेची. कुवेतमध्ये रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे बारा वाजलेले असतात. मुलगी ड्यूटी संपवून, स्वयंपाक उरकून फोन करते; इकडे आजी आणि नात दोघी जाग्या. सहा तासांहून कमी झोप ही सवय झाली की रक्तदाब चढू लागतो आणि मग गोळीची मात्रा वाढवावी लागते. मी या आजींची मात्रा वाढविण्याआधी फोनची वेळ बदलायला सांगितली. तिकडे सकाळचे सहा म्हणजे येथे साडेआठ. त्या वेळी पंधरा मिनिटांचे बोलणे सहज होते आणि आईला मुलीचा चेहरा उजेडात दिसतो. परदेशी असलेल्या वाचकांपैकी कोणी हे वाचत असेल तर त्यांनी ही एवढी तसदी अवश्य घ्यावी. रक्तदाब घरी मोजताना पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून मोजावा. आधी अर्धा तास चहा नको. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ नोंद करून ती वही डॉक्टरांना दाखवावी. घरच्या मोजणीची सरासरी १३५/८५ च्या वर राहत असेल तर उपचाराचा फेरविचार करावा लागतो. एका रात्रीच्या १५० वरून स्वतःहून गोळी वाढवू नये आणि एका सकाळच्या १२० वरून ती सोडूही नये.

झोपेचे गणित नातीचेही आहे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते. वयात येताना शरीराचे घड्याळ एक-दोन तास पुढे सरकते, त्यामुळे या मुलांना रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी जाग येत नाही. यात आळसाचा भाग आपण समजतो त्याहून बराच कमी असतो. त्यात पडद्याचा प्रकाश झोप आणखी लांबवितो. ऑनलाईन शिक्षणाची खास अडचण ही की ध्वनिचित्रमुद्रित वर्ग केव्हाही पाहता येतो, म्हणून तो रात्री एक वाजता पाहिला जातो. वाचलेले स्मरणात पक्के बसण्याचे काम मेंदू मुख्यतः झोपेत करतो. रात्री दोनपर्यंत जागून केलेल्या अभ्यासाचा मोठा वाटा सकाळपर्यंत वाहून जातो. जागणाऱ्या नातीसाठी आजी कॉफी करून देतात, त्यामागची माया मला कळते. पण साडेअकराची कॉफी तिच्या झोपेवर घातलेले पाणी आहे. त्याऐवजी साडेदहाला लॅपटॉप आणि मोबाईल दोन्ही बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लागतील, असा घराचा नियम करावा. आजींनीही आपला मोबाईल तेथेच ठेवावा. हा नियम मोठ्यांनी पाळला तरच टिकतो.

येथे जपमाळेचा विषय येतो. मी स्वतः ख्रिस्ती नाही. धर्माचरणाविषयी सांगण्याचा मला अधिकार नाही. वैद्यकाच्या बाजूने मात्र एक नोंद सांगण्यासारखी आहे. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या डिसेंबर २००१ च्या अंकात इटलीतील संशोधकांनी २३ निरोगी प्रौढांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लॅटिन भाषेतील जपमाळ आणि योगातील मंत्र या दोन्हींच्या पठणाने श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ होते आणि रक्तदाबाचे नियमन करणारी शरीराची प्रतिक्षिप्त यंत्रणा अधिक तत्पर होते, असे त्यांना आढळले. एकाने अर्धी प्रार्थना म्हणायची, इतरांनी उरलेली पुरी करायची, या रचनेतच तो संथ श्वास आहे. अभ्यास लहान होता. त्यावरून कोणी गोळ्या सोडू नयेत. परंतु दिवसभर पडद्यापुढे आखडून बसलेल्या मुलीला आणि रक्तदाब असलेल्या तिच्या आजीला वीस मिनिटे एकत्र, संथपणे, मोबाईलवाचून बसावयास मिळत असेल तर एक डॉक्टर म्हणून मी ती वीस मिनिटे हिरावून घेऊ देणार नाही. आठची जपमाळ वर्गाच्या आड येत असेल तर ती दहाला न्यावी. दिवस संपला, आता झोपायचे, अशी खूण शरीराला तिच्यामुळे मिळेल. मात्र हट्ट नको. सोळाव्या वर्षी मूल प्रार्थनेला एखाद्या दिवशी आले नाही, म्हणून ऑनलाईन शिक्षणाने ते देवापासून दूर गेले असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. बहुधा ते दमलेले असते.

रविवारचेही असेच. शिकवण्यांच्या सराव परीक्षा बहुधा रविवारी सकाळी असतात. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षाही वर्षानुवर्षे मे महिन्यातील रविवारी होत आली आहे. मग ख्रिस्तयाग चुकतो, त्यामागून गायनवृंद सुटतो, मग युवक मंडळ, आणि हळूहळू त्या मुलीला आठवड्यात घराबाहेरचे कोणी दिसेनासे होते. "दोन वर्षांचा प्रश्न आहे, नंतर सगळे करायचेच आहे" असे पालक समजावतात. मला हा सल्ला चुकीचा वाटतो. पंधरा ते अठरा या वयात समवयस्कांची संगत ही अन्नासारखी गरज आहे आणि ऑनलाईन शिकणाऱ्या मुलाला ती अन्यत्र मिळत नाही. सकाळी परीक्षा असेल तर शनिवारी संध्याकाळचा किंवा रविवारी संध्याकाळचा ख्रिस्तयाग असतोच. गायनवृंदाचा सराव आठवड्याला दोन तासांचा. तेवढ्याने गुण कमी होत नाहीत. याहून पुढे जाऊन मी असे सुचवितो की धर्मग्रामातील चार-पाच विद्यार्थ्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी चर्चच्या सभागृहात एकत्र बसून आपापले ऑनलाईन वर्ग करावेत. फादरांकडे शब्द टाकण्याचे काम आजी-आजोबांनी करावे. ज्येष्ठांचा शब्द सहसा खाली पडत नाही. त्याच धर्मग्रामात अभियांत्रिकीला, नर्सिंगला, वाणिज्य शाखेला असलेली मोठी मुले असतात. त्यांच्याशी अर्धा तास बोलणे हे कोणत्याही जाहिरातीतील मार्गदर्शनापेक्षा अधिक मोलाचे असते.

आहाराविषयी एक गोष्ट आवर्जून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत देशातील १५ ते १९ वयोगटातील शंभरपैकी ५९ मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. अभ्यासात लक्ष लागत नाही, चार ओळी वाचून थकवा येतो, जिना चढताना धाप लागते, या तक्रारी घेऊन आलेल्या मुलीचे हिमोग्लोबिन पाहिल्याशिवाय तिला आळशी म्हणू नये. ते १२ ग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. गोळीच्या मागेपुढे तासभर चहा नको, लिंबूपाणी चालेल. या परिसरातील ख्रिस्ती आणि कोळी-आगरी स्वयंपाकघरांत तिसऱ्या, खुबे, कलेजी हे लोहाचे उत्तम स्रोत पूर्वीपासून आहेत. ऑनलाईन मागविलेल्या पिझ्झ्यात ते नाहीत. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात हा प्रश्न अधिक नाजूक होतो, कारण नेमक्या त्याच दिवसांत बोर्डाची परीक्षा असते. कॅथलिक चर्चच्या कायद्यानुसार उपवासाचे बंधन वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष सुरू होईपर्यंत आहे. मांसवर्ज्याचे बंधन १४ वर्षे पूर्ण झाल्यावर लागते. म्हणजे सोळा वर्षांच्या नातीवर उपाशी राहण्याचे बंधन नाही आणि सत्तरीच्या, मधुमेह असलेल्या आजीवरही नाही. शुक्रवारी मासळी चालते. दरवर्षी गुड फ्रायडेच्या आसपास गरगरून आलेले एक-दोन ज्येष्ठ मला हमखास भेटतात. त्यांनी हे फादरांकडून एकदा स्वतःच्या कानांनी ऐकून घ्यावे.

डोळ्यांविषयी फार लिहीत नाही, कारण ते सर्वांना ठाऊक आहे आणि कोणी करीत नाही. पडद्याकडे पाहताना पापण्यांची उघडझाप निम्म्याने घटते, म्हणून डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद खिडकीबाहेर दूरवर पाहावे. रोज तासभर तरी मोकळ्या उजेडात काढावा. नातीला "फिरून ये" म्हटले तर ती जाणार नाही. "मला औषधाच्या दुकानापर्यंत सोबत चल" म्हटले तर येईल, आणि आजींचेही चालणे होईल. लॅपटॉप मांडीवर आणि मूल पलंगावर, ही बैठक मानेचे दुखणे हमखास देणारी. जेवणाचे टेबल वर्गासाठी मोकळे करून द्यावे. आणि आजी-आजोबांचा दूरदर्शन संच नातीच्या वर्गात शिक्षकांनाही ऐकू जात असेल, तर दोष मालिकेचा नाही. ज्येष्ठांनी एकदा कानांची तपासणी करून घ्यावी.

आता त्या अभ्यासक्रमांविषयी, ज्यांच्यासाठी एवढी धावपळ. वैद्यकीय सदरात हा विषय मी घेतो, कारण फसवणुकीने आलेला रक्तदाबही मलाच मोजावा लागतो. एका घरी "घरबसल्या नर्सिंगची पदवी" अशी जाहिरात पाहून आजोबा मुदतठेव मोडण्याच्या तयारीत होते. असे काही अस्तित्वातच नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनुसार वैद्यक, दंतवैद्यक, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, विधी, हॉटेल व्यवस्थापन हे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने वा ऑनलाईन देण्यास मनाई आहे. ऑनलाईन राहून या अभ्यासक्रमांची तयारी करता येते, पदवी घेता येत नाही. बी.एस्सी. नर्सिंगसाठी बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते, या विषयांत किमान ४५ टक्के गुण लागतात (आरक्षित प्रवर्गांना सवलत आहे), प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. अकरावीला जीवशास्त्र सोडून दिलेल्या मुलीला हे बारावीनंतर कळले तर फार उशीर झालेला असतो. पैसे भरण्यापूर्वी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत संस्थेचे नाव आहे का, एवढे एखाद्या जाणत्या तरुणाकडून पाहून घ्यावे.

परदेशस्थ नातेवाईक कधी अमेरिकेतील ख्रिस्ती प्रकाशनसंस्थांचे गृहशिक्षणाचे अभ्यासक्रम पाठवितात. तेथे पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवितात आणि त्यांच्यासाठी ते तयार झालेले असतात. इंग्रजी सुधारण्यास, वाचनाची गोडी लागण्यास ते उपयोगी पडतील. परंतु परदेशी शालान्त प्रमाणपत्रावर येथील विद्यापीठात प्रवेश हवा असेल तर भारतीय विश्वविद्यालय संघाची समकक्षता लागते, आणि घरगुती अभ्यासक्रमाच्या प्रमाणपत्राला ती मिळेल असे गृहीत धरून मुलाचे नाव महाविद्यालयातून काढणे हा मोठा जुगार आहे. आजारपणामुळे वा अन्य कारणाने खरोखरच घरी राहून शिकावे लागत असेल तर १९८९ पासून कार्यरत असलेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. तिची बारावी मान्यताप्राप्त आहे. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या २०१७ पासूनच्या मंचावर अकरावी-बारावीचे विषय विनामूल्य शिकता येतात. महागड्या शिकवणीचा दुसरा हप्ता भरण्यापूर्वी ते एकदा पाहावेत.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी आणखी एक. वसईच्या किंवा नगरकडच्या ख्रिस्ती घरांतील अशी मुले इंग्रजी-हिंदी मिश्रित ऑनलाईन वर्गात पहिले तीन महिने गोंधळतात आणि आपणच मठ्ठ आहोत असे समजू लागतात. 'नीट' आणि 'जेईई मेन' या परीक्षा मराठीतून देता येतात. अर्ज भरतानाच भाषा निवडावी लागते. उस्मानाबादच्या २०२० मधील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद ज्या समाजातील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले, त्या समाजातील मुलांना मराठी माध्यमाचा संकोच वाटावा, याचे मला वैषम्य वाटते.

कागदपत्रांचे काम हे मात्र संपूर्णपणे आजींचे क्षेत्र. ख्रिस्ती अल्पसंख्याक दर्जा असलेल्या महाविद्यालयांत त्या समाजाच्या विद्यार्थ्यांसाठी राखीव जागा असतात. अकरावीच्या प्रवेशात अशा संस्थांत त्या ५० टक्क्यांपर्यंत असतात. त्यासाठी शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील धर्माची नोंद उपयोगी पडते आणि काही संस्था स्नानसंस्काराचा दाखलाही मागतात. तो मूल राहते त्या धर्मग्रामात मिळत नाही. ज्या चर्चमध्ये स्नानसंस्कार झाला तेथील नोंदवहीतून मिळतो. ते चर्च वसईत, गोव्यात वा मंगळुरात असेल तर पत्रव्यवहाराला वेळ लागतो. निकालानंतरच्या आठवड्यात धावण्यापेक्षा नाताळच्या सुटीत हा दाखला मागवून ठेवावा. नातीला तो कोठून आणावा हे ठाऊक नसते, आजींना त्या दिवशीचे फादरही आठवत असतात.

शेवटी जे सर्वांत महत्त्वाचे, ते. बंद दारामागे अभ्यास चालू आहे की रडणे, हे बाहेरून कळत नाही. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतून मन उडणे, दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप व भूक बिघडणे, वर्गाला 'हजर' राहूनही वही कोरी असणे, "मी सगळ्यांना ओझे झाले आहे" असे बोलणे, आवडत्या वस्तू उगाच वाटून टाकणे, ही लक्षणे दिसली तर वाट पाहू नये. आईवडील लांब पैसे कमावीत आहेत, त्यांचे स्वप्न आपल्या गुणांवर टांगलेले आहे, हे ओझे या घरांतील मुले फारसे न बोलता वाहतात. अशा वेळी सरळ विचारावे : "जीव नकोसा वाटतो का तुला?" असे विचारल्याने मनात नसलेला विचार शिरतो ही भीती निराधार आहे, विचारल्याने मूल मोकळे होते. उत्तर ऐकून घाबरू नये, रागावू नये, पापाची भाषा वापरू नये, आणि त्या रात्री तिला एकटे सोडू नये. घरातील औषधांचा डबा, त्यात आजींच्या झोपेच्या आणि मधुमेहाच्या गोळ्याही आल्या, कुलपात ठेवावा. फादरांशी बोलावे, त्याने धीर येतो. परंतु डॉक्टरांकडेही त्याच दिवशी न्यावे. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे, तेथे मराठीतून बोलता येते, आणि फोन मुलाने केला पाहिजे असे नाही, आजीही करू शकते. चर्चमधून मिळालेली दिनदर्शिका जेथे टांगलेली असते, तिच्या कोपऱ्यात हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढा.